अप्पांची डावी बाजू

बाईंना सगळे ‘कानवाल्या बाई’ म्हणत. ऑडिओलॉजिस्ट हा शब्द दारावरच्या पाटीवर शोभून दिसायचा, पण उच्चारताना लोकांची जीभ अडखळायची. बाईंनी कधी मनावर घेतलं नाही. पहिल्या मजल्यावर त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. आतल्या खोलीत बाहेरचा आवाज न येणारी एक पेटी होती, माणूस बसेल एवढी, आणि तिला छोटी काचेची खिडकी. पेशंट आत बसायचा, हेडफोन चढवायचा आणि आवाज आला की बटण दाबायचा. बाई बाहेर बसून त्याच्या कानांचा आलेख काढायच्या. कुणाला काय ऐकू येत नाही हे नेमकं सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

फक्त घरातच त्यांची मात्रा चालत नव्हती. त्यांचे वडील, अप्पा, सबंध आयुष्य गोदीत क्रेन चालवत आले. उंचावरच्या केबिनमध्ये इंजिनाच्या धडधडीत बसून डावा कान साफ गेला आणि उजवा अर्धा उरला. डाव्याला यंत्राचाही उपयोग नव्हता. उजव्यासाठी बाईंनी उत्तमातलं उत्तम यंत्र आणून दिलं होतं. आई होती तोवर अप्पांनी ते घातलं, कारण आईला गप्पा लागायच्या. आई गेली आणि यंत्र खणात गेलं. “ऐकण्यासारखं काय राहिलंय?” असं एकदाच म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. जेवायला हाक मारली तर “हं”, औषध दिलं तर “हं”. गावभर लोकांना ऐकायला लावणाऱ्या बाई रोज संध्याकाळी त्या पाठमोऱ्या खुर्चीकडे बघायच्या आणि त्यांना रडू यायचं. अप्पांनी पुन्हा माणसांत यावं, चार शब्द बोलावेत, एवढंच त्यांना हवं होतं.

अशात एका रविवारी बहिणीची मुलगी घरी टपकली. ही भाची आर्किटेक्टच्या ऑफिसात लोकांच्या घरांचे नकाशे काढायची आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या मनातल्या गुहांचे.

“मावशी, आम्ही एक खेळ सुरू करतोय. तू आणि आजोबा चला.”

“पत्ते?”

“नाही गं, रोल-प्लेइंग. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचायची. प्रत्येकाने त्यातला एकेक माणूस व्हायचं. समोर काय आहे ते मी सांगणार, तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं. जमतंय की नाही, ते फासा ठरवतो.”

“म्हणजे भातुकलीच की.”

“हो, फक्त नियमांचं पुस्तक जाड आहे.”

बाई हसल्या आणि मान हलवू लागल्या. तेवढ्यात भाचीने अप्पांच्या उजव्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं, “आजोबा, चोर व्हाल का?”

अप्पांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग उठले, खणातून यंत्र काढलं, फुंकर मारून कानात बसवलं आणि म्हणाले, “कसली चोरी?” बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं त्या आरोग्य, स्वास्थ्य, सुरक्षितता असली कारणं देत बसल्या होत्या.

खेळ भरायचा बेकरीच्या मागच्या खोलीत. बेकरीवाला भाचीचा मित्र. रविवारी दुपारी भट्टी विझलेली असायची, पण भिंत संध्याकाळपर्यंत उबदार राहायची. पीठ मळायच्या लांब लाकडी टेबलाभोवती सगळे बसायचे. टेबलाच्या टोकाला पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे भाची, तिचे नकाशे लपवून. समोरच्या बाजूला बेकरीवाला आणि त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक असलेले एक वकीलसाहेब. अलीकडच्या बाजूला अप्पा, त्यांच्या उजव्या हाताला बाई. डाव्या हाताला एक रिकामं स्टूल आणि त्यापलीकडे पिठाचे डबे. बाईंनी पहिल्याच दिवशी फासे टाकायला पावाचा पत्रा मागून घेतला आणि त्यात जाड फडकं अंथरलं. लाकडावर फासा आपटला की यंत्र घातलेल्या कानात फटाका फुटतो, हे त्यांना ठाऊक होतं.

माणसं अशी काही रंगली की बाई बघतच राहिल्या. वकीलसाहेब दिवसभर कोर्टात तोंडाची टकळी चालवायचे. खेळात ते एक मुका राक्षस झाले होते आणि तासन्‌तास नुसते गुरगुरायचे. “काय सांगू बाई, किती हलकं वाटतं,” मधल्या सुट्टीत ते म्हणाले. बेकरीवाला पहाटेपासून आगीपुढे उभा राहणारा माणूस, तो बर्फाचा जादूगार झाला. बाईंना भाचीने वैदू केलं. आपण नुसतं बसून राहू असं त्यांनी ठरवलं होतं. पण किल्ल्याचा दरवान अडवायला लागला तेव्हा त्यांच्याच तोंडून निघालं, “सोड आम्हाला, राणीसाहेबांना देवी आल्यात!” वीस बाजूंचा फासा पडला, आकडा एकोणीस. दरवान पळाला. पन्नाशीच्या बाईने धडधडीत खोटं बोलावं आणि त्यात इतकी मजा यावी! घरी जाताना बाई रस्त्यात एकट्याच हसत होत्या. आपण आहोत त्याहून वेगळं कुणीतरी होऊन बघायला कुणी हरकत घेत नाही, अशी जागा मोठ्या माणसांना मिळते कुठे?

आणि अप्पा? अप्पांची तर कळी खुलली होती. त्यांचा चोर गोड बोलून कुलपं उघडायचा आणि उघडलेल्या पेटीला “धन्यवाद” म्हणायचा. एक सवय मात्र गोदीतली होती. खालून वायरलेसवर जे सांगतील ते आधी मोठ्याने परत म्हणायचं आणि मगच दांडा हलवायचा, नाहीतर कंटेनर कुणाच्या तरी डोक्यात. त्यामुळे भाची म्हणायची, “पुढे जिना आहे,” की अप्पा म्हणायचे, “पुढे जिना.” सगळ्यांना ते आवडायचं.

गुहेत शिरायची वेळ आली तेव्हा कुणाचाच हात मोकळा नव्हता. भाची म्हणाली, “गावातून एक कंदीलवाला मिळतो. तो उजेड धरून बरोबर येईल.” झालं, ठेवला कंदीलवाला. त्याचं काम तेवढंच होतं. पण थोड्या वेळाने अप्पा म्हणाले, “पायरी तुटकी आहे, सांभाळून. कंदीलवाला म्हणतोय.”

सगळे हसले. भाचीने आडोशामागच्या नकाशात पाहिलं आणि म्हणाली, “खरंच की! आजोबा, बरं ओळखलंत.”

तेव्हापासून कंदीलवाला मंडळींचा लाडका झाला. अप्पा डावीकडे किंचित कलायचे, ऐकल्यासारखं करायचे आणि सांगायचे. “कंदीलवाला म्हणतोय, राक्षसाचे पाय धुवा, वास येतोय.” वकीलसाहेब गुरगुरायचे आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. “कंदीलवाला म्हणतोय, उजवीकडे नको.” उजवीकडे गेले असते तर खड्डा होता. एकदा तो म्हणाला, आज पाव जरा कडक झालाय, आणि बेकरीवाला चपापला, कारण त्या दिवशी भट्टी खरंच जास्त तापली होती. अप्पा एकटे दोन पात्रं निभावतात, काय नट आहे हा माणूस, असं सगळ्यांचं मत पडलं. बाईंना अभिमान वाटला. घरी आता अप्पा जेवताना बोलायचे, पुढच्या रविवारचे बेत करायचे. खिडकीजवळची खुर्ची टेबलाकडे वळली होती.

मग एके दिवशी चहा आला. बेकरीवाल्याने सगळ्यांपुढे कप ठेवले. अप्पांनी आपला कप हळूच डावीकडे, रिकाम्या स्टुलापुढे सरकवला.

“अप्पा, चहा नको का?”

“मला नको. त्याला कुणी विचारतच नाही. बरं दिसत नाही ते.”

बाईंनी स्टुलाकडे पाहिलं. अप्पा नाटकात शिरलेत, त्यांनी स्वतःला सांगितलं. पण त्यांचे कान, म्हणजे धंद्यातले कान, टवकारले. अप्पा आजवर प्रत्येक वेळी कंदीलवाल्याचं ऐकायला डावीकडे कलत होते. कुणाचंही ऐकायचं तर अप्पा उजवा कान पुढे करतात. डावीकडे कलण्याचं काही कारणच नव्हतं.

घरी जाताना त्यांनी अप्पांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, “अप्पा, कंदीलवाल्याचा आवाज कसा काढायचा हे तुम्ही आधीच ठरवता का?”

“मी कशाला काढू? तो बोलतो ना. हळू बोलतो फार, तुम्हाला पोचत नसेल म्हणून मी परत सांगतो.” चार पावलं पुढे गेल्यावर अप्पांनी विचारलं, “कोण आहे गं तो? तुझ्या भाचीच्या ऑफिसातला का? सभ्य आहे.”

बाईंनी पुढे होऊन दाराचं कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाचीला फोन केला. “मला वाटलं आजोबाच करतात त्याचं काम,” भाची म्हणाली. “मावशी, त्या खड्ड्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तो नकाशा मी तोवर बॅगेतून काढलाही नव्हता.”

बाईंनी अप्पांना दवाखान्यात नेलं, वार्षिक तपासणीच्या नावाखाली. पेटीत बसवलं. उजव्या कानात नुसती सळसळ सोडली, म्हणजे त्या कानाने डाव्याला मदत करू नये. मग डाव्या कानात आवाज पाठवले. हळू, मध्यम, मोठे, त्याहून मोठे. काचेपलीकडे अप्पा बटणावर अंगठा ठेवून शांत बसले होते. एकदाही दाबलं नाही. आलेखाची रेघ पूर्वीसारखीच तळाला गेली. तपासणीच्या यंत्रात जेवढा जोर होता तेवढा संपला.

पेटीचं दार उघडून बाईंनी विचारलं, “अप्पा, तो कंदीलवाला इथे ऐकू येतो का?”

“इथे?” अप्पा हसले. “इथे कशाला येईल? तो गुहेत असतो.”

बाईंचा जीव जरा भांड्यात पडला. म्हणजे मनाचा खेळ आहे, टेबलापुरता आहे, त्यांनी ठरवलं. पण रात्री त्यांना झोप लागेना. आज टेबलापुरता आहे, उद्या घरात आला तर? अप्पांचं डोकं ठिकाणावर राहील का? आणि अप्पांना सरळ सांगितलं की तिथे कुणी नसतं, तर ते यंत्र काढून पुन्हा खिडकीपाशी बसतील. दोन्हीकडून भीतीच. शेवटी त्यांनी एक मार्ग काढला आणि सकाळी दवाखान्याचं दार लावून भाचीला पुन्हा फोन केला. अप्पा तेव्हा घरी होते.

“गोष्टीतच संपव त्याला. अपघात कर. कुणाचा दोष नाही, फासा पडला नाही, बस्स.”

“बिचारा,” भाची म्हणाली. मग म्हणाली, “बरं.”

त्या रविवारी ऊन स्वच्छ होतं. बेकरीवाल्याने गोड पाव केले होते. वकीलसाहेबांनी राक्षसासाठी खोटी दाढी आणली होती आणि ती सारखी त्यांच्या चहात बुडत होती. अप्पा डोळे मिचकावत होते. खेळ झकास चालला होता. मग दरीवरचा दोरांचा पूल आला.

“पूल आहे,” भाची म्हणाली.

“पूल,” अप्पा म्हणाले.

“एकेकाने जायचंय. सगळे पोचता. शेवटी कंदीलवाला येतोय.” भाचीने बाईंकडे पाहिलं नाही. “मध्यावर फळी मोडते. तो पडतो. एका हाताने दोर धरून लोंबकळतोय. त्याच्यासाठी कुणीतरी फासा टाका. पंधराच्या वर पाहिजे.”

कुणी हात पुढे केला नाही. सगळे अप्पांकडे बघत होते.

अप्पा रिकाम्या स्टुलाकडे बघत होते.

“टाक ना रे,” ते हळूच म्हणाले. “तुझाच आहे.”

पत्र्यातला फासा हलला नाही.

“आजोबा,” भाची म्हणाली, “कुणीच टाकत नसेल तर तो पडला असं धरावं लागेल.”

अप्पांचा चेहरा बाईंना बाजूने दिसत होता. आई गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर दिसला होता तसाच. त्यांचा हात हळूहळू उजव्या कानाकडे गेला. दोन बोटांनी यंत्र धरलं.

“थांबा!” बाई केवढ्यांदा तरी ओरडल्या. “माझी वैदू परत पुलावर जाते. दोर टाकते त्याला.”

“मावशी?”

“टाकते म्हटलं ना!”

फासा पडला. नऊ.

वकीलसाहेबांनी दाढी काढून टेबलावर ठेवली आणि नियमांचं पुस्तक ओढलं. त्या दुपारी पहिल्यांदाच ते माणसासारखे बोलले. “एक मिनिट. पाठीवरचं सगळं सामान दरीत फेकलं तर दुसरी संधी मिळते. इथे आहे.”

“माझी औषधं?” बाई म्हणाल्या. “फेकली. सगळी फेकली.”

फासा फडक्यावर घरंगळला, पत्र्याच्या कडेला टेकला, डुगडुगला.

अठरा.

बेकरीवाला आपलं स्टूल पाडून उभा राहिला. वकीलसाहेबांनी राक्षसाची डरकाळी फोडली. भाचीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि ती हसत होती. बाईंना इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता. त्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी कानावरचा हात काढला होता. ते डावीकडे कलले होते आणि लक्ष देऊन ऐकत होते.

मग खो-खो हसले.

“काय म्हणतोय?” बेकरीवाल्याने विचारलं.

“म्हणतोय,” अप्पा म्हणाले, “आधी दार लावून मला ढकलायचं ठरवायचं आणि मग दोर टाकायचा, ही कुठली पद्धत, बाई?”

वकीलसाहेब आणि बेकरीवाला पोट धरून हसले. भाची हसली नाही. आडोशावरून तिचे डोळे तेवढे दिसत होते आणि ते बाईंवर होते.

काहीतरी बोलायला हवं होतं. बाई स्टुलाकडे बघून म्हणाल्या, “चुकलं माझं.”

अप्पांनी पुन्हा ऐकलं. “राहू दे म्हणतोय.” त्यांनी मान डोलावली. “मनाला लावून घेणारा माणूस नाही तो.”

खेळ पुढे चालला. खजिना सापडला, अप्पांच्या चोराने पेटीला धन्यवाद दिले, गोड पाव संपले. संध्याकाळ व्हायच्या आत सगळे उठले. भाची बाईंना निरोप देताना जरा जास्तच वेळ बिलगून राहिली.

बाहेर अजून उजेड होता. दुकानं उघडी होती, फुटपाथवर माणसांची वर्दळ होती. गाड्यांचा गोंगाट नको म्हणून अप्पांनी नेहमीसारखं यंत्र काढून खिशात टाकलं आणि मजेत चालू लागले. एरवी बाई त्यांच्या उजवीकडून चालत. पण तिकडे रस्ता खणून ठेवला होता, म्हणून त्या डावीकडे आल्या. इथे त्यांनी बोंब मारली असती तरी अप्पांना कळलं नसतं.

त्यांना मोकळं वाटलं. अप्पा शीळ घालत होते. जे असेल ते असो, हा माणूस आपल्याला परत मिळालाय, त्यांच्या मनात आलं. मग जुनी धास्ती वर आली आणि त्या खाली मान घालून स्वतःशीच पुटपुटल्या, “आणि एखाद्या रविवारी तो आलाच नाही, तर पुन्हा गप्प बसाल का हो अप्पा?”

“छे गं,” अप्पा समोर बघत म्हणाले. “आता कसला गप्प बसतोय मी?”

बाई चालता चालता थांबल्या. अप्पाही थांबले.

“अप्पा, तुम्हाला ऐकू आलं?”

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. डावीकडे किंचित कलले, क्षणभर तसेच राहिले, मग प्रसन्न हसले.

“मला कुठलं ऐकू येतंय? तू काय म्हणतेस ते तो सांगतो ना.” आणि हाताने खूण करत म्हणाले, “जरा पलीकडे सरक. तुझा धक्का लागतोय त्याला.”

बाईंनी खाली पाहिलं. त्यांच्यात आणि अप्पांच्यात चांगलं हातभर अंतर होतं. त्या सरकल्या. अप्पांच्या बाजूचा त्यांचा हात, जळत्या कंदिलाजवळ धरल्यासारखा, कोपरापर्यंत गरम लागत होता.